दोन बोर्डांचं घर

बोर्डमामा उभं राहून कधी बोर्ड वाचत नसत. त्यांनी रंगवलेला बोर्ड घरावर लागला की ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसायचे आणि म्हणायचे, "चल, लांबून फिरून ये. आन् हितं आल्याव गाडी हळू करू नको." मी गाडी दामटायचो. घरासमोरून जाताना मामा फक्त मान वळवायचे आणि पुढे गेल्यावर जे वाचता आलं ते मोठ्याने सांगायचे. फोन नंबरातला एक आकडा जरी निसटला तरी बोर्ड खाली उतरायचा. "थांबून वाचतो त्येला घर घ्यायचं नसतं," ते म्हणत. "त्येला येळ घालवायचा असतो. घेणारा माणूस कायम कुठंतरी चाललेला असतो."

मामा दौंडला रेल्वेत पेंटर होते. सगळी नोकरी स्टेशनावरच्या पाट्या रंगवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून दुकानांचे, दवाखान्यांचे बोर्ड रंगवू लागले आणि कधीतरी माझ्या हाती लागले. मी घरं आणि प्लॉट विकून देणारा माणूस. वरवंडच्या एसटी थांब्यावर केळी विकत मोठा झालो. कोणी बोट धरून शिकवलं नाही, त्यामुळे कोणाचं ऐकायची सवयही लागली नाही. एक मामांचं तेवढं ऐकायचो, आणि त्याचीही फळं मला मिळालीच. ते पुढे सांगतो.

त्यांचे सगळे बोर्ड पिवळ्यावर काळे. रेल्वेची सवय. एकदा मी म्हणालो, "मामा, जरा लाल-निळं काही करा की. घर विकायचंय, स्टेशन नाही." मामा पत्र्याला तांबडा प्रायमर लावत होते. वर न बघता म्हणाले, "गाडी धावत आसती, तरी खिडकीतल्या माणसाला कळतं ना दौंड आलं म्हणून? मग गप बस." शिरूरपासून कुरकुंभपर्यंत जिथे पिवळा पत्रा दिसेल तिथे मामांचा हात आणि माझा नंबर, असे ते दिवस होते.

भिंतीला सपाट चिकटवलेला बोर्ड दिसला की मामांचा जीव वरखाली व्हायचा. मांडवगण फराट्याला एका माणसाने आपला बोर्ड फाटकाच्या मधोमध बांधला होता. मामा गाडीवरून उतरले आणि त्याला विचारलं, "समोरच्या घरवाल्याला विकायचंय का?"

"न्हाई बा. त्यो कशाला घेईल?"

"मग त्येलाच का दाखवतोस? रस्त्यानं जाणाऱ्याला पत्र्याची नुसती कड दिसती. आन् फाटक उघडलं की तुझा बोर्ड आत अंगणात बघतो. कोंबड्या घेणार हायेत का घर?"

मग मामांनी बोर्ड रस्त्याला आडवा काढला, दोन्ही तोंडांनी रंगवला. येणाऱ्यालाही दिसला पाहिजे आणि जाणाऱ्यालाही. झाडाला मात्र ते खिळा मारू देत नसत. बायंडिंग वायर घ्यायचे, तिला असा पीळ द्यायचे की वादळात झाड पडेल, बोर्ड सुटणार नाही.

मजकुराच्या बाबतीत तर मामांशी बोलणं म्हणजे भांडण. लोकांना सगळं लिहायचं असायचं. पूर्वाभिमुख, मुबलक पाणी, शांत वस्ती, मुलांच्या शिक्षणास सोयीस्कर. मामा सगळं ऐकून घ्यायचे आणि पत्र्यावर लिहायचे, "घर विकणे आहे", खाली नंबर. मालक चिडायचा. मामा म्हणायचे, "पाणी फोनवर सांगा. समदं बोर्डावर सांगितलंत तर फोन कशाला करंल त्यो?" आणि 'तातडीने' हा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. मालकाने फारच धरलं तर म्हणायचे, "तातडी तुमची हाय, घराची न्हाई." हे मला मनापासून पटायचं. तातडी वाचली की घेणारा पाय पसरून बसतो, हे मी बाजारात शिकलो होतो.

पण मामा नेमके कोणाच्या बाजूचे, हे मला शिरूरला पहिल्यांदा कळायला हवं होतं. एका निवृत्त कारकुनाचं घर होतं. मीच मामांना गाडीवर घालून नेलं. कारकुनाने चहा दिला आणि सांगितलं, "खाली लिहा, एजंटांनी येऊ नये." मी तिथेच बसलेलो, कप हातात. मामांनी ब्रश बुडवला आणि लिहिलं. सुबक, ठळक.

परत येताना मी रस्त्यात गाडी थांबवली. "मामा, तुम्हाला आणलं कोणी?"

"तू."

"मग माझ्याच पोटावर पाय?"

"घर त्येचं, बोर्ड त्येचा. कुणी यावं, कुणी येऊ न्हाई ह्ये मालक ठरवणार. त्यात खोटं काय हाय?" वर म्हणाले, "आन् तू तरीबी जाणारच हायेस की उद्या." ते मात्र खरं होतं. मी गेलो आणि ते घर मीच विकून दिलं. म्हणून त्या दिवसाचं मी हसण्यावारी नेलं.

मामांची एक रीत होती. विकायचा बोर्ड चढवण्याआधी ते घरावरची नावाची पाटी उतरवायला लावत. "एका घराला दोन नावं नकोत," म्हणायचे. इकडे लोकांना घर विकण्यापेक्षा बोर्ड लावण्याची लाज जास्त. बोर्ड लागला की गाव विचारतं, काय बुडालं? तरी बोर्ड लावताना माणसं धीराने उभी असायची आणि पाटीचा स्क्रू फिरायला लागला की आत निघून जायची. मामा पाटी पुसायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे, सुतळीने बांधायचे आणि घरातल्या बाईच्या हातात द्यायचे. पुरुषाच्या हातात कधी नाही. "बाप्या माळ्याव टाकून देतो," असं त्यांचं म्हणणं.

पाटीच्याही आधी त्यांचा एक प्रश्न असायचा, "भावकीला इचारलं का?" विकायचं ठरलं की आधी भाऊबंदांच्या दारात जायचं, चहा प्यायचा, म्हणायचं की बाबा, विकतोय, तुला घ्यायचं असेल तर बोल. तो घेत नाही. त्याच्याकडे नसतातच पैसे. पण विचारायचं. मगच बोर्ड.

माझं घर वरवंडला, हायवेला लागून. वडील आणि चुलते यांच्या नावावर एकच जागा होती. वाटणी पंचांसमोर तोंडी झाली, चुन्याची रेघ मारली, पेढे वाटले. कागद कोणी केला नाही. आमच्याकडे कागद मागणं म्हणजे भावावर अविश्वास दाखवणं. माझ्या अर्ध्यात मी घर बांधलं, वीट न् वीट माझ्या घामाची. शेजारच्या अर्ध्यात चुलतभाऊ विलास. इतकी वर्षं त्याने एका शब्दाने हरकत घेतली नाही. माझ्या वास्तुशांतीला पंगतीत वाढायला होता.

पुढे रस्त्याचं काम निघालं आणि संपायचं नाव घेईना. आमच्या दारातून सर्व्हिस रोड गेला. दिवसभर टँकर, डंपर, उसाच्या गाड्या. पीठ चाळावं तशी धूळ घरात पडायची. बायकोला खोकला लागला, खोकल्याचा दमा झाला. डॉक्टर म्हणाले, औषधं देतो, पण जागा बदला. तिचं माहेर मांडवगण फराटा. तिथे नदीच्या अंगाला एक लहानसं घर मी हेरून ठेवलं होतं. झाडं, मोकळी हवा, गाडीचा आवाज नाही. ती ते एकदा बघून आली आणि परत येताना म्हणाली, "तिथं मला जिना चढता आला." एवढंच म्हणाली. आमचं होतं-नव्हतं ते सगळं वरवंडच्या घरात. ते विकलं गेलं तर मांडवगणचं होणार होतं.

मी मामांना बोलावलं. ते पत्रा घेऊन आले, बायकोने चहा दिला, तिचा श्वास ऐकून मामांनी कप खाली ठेवला. मग ठरलेला प्रश्न आला. "इलासला इचारलं?"

"माझं घर, मी बांधलं, मी विकणार. त्याला काय विचारायचं?"

"इचारायला काय जातंय, दत्ता? च्याच प्यायचाय."

"मामा, तुम्ही बोर्ड रंगवा."

आजही माझं म्हणणं तेच आहे. ज्याने एक घमेलं उचललं नाही, त्याच्या दारात मी का जाऊ? मामांनी मान हलवली आणि ब्रश धुतले. मी म्हणालो, खाली 'त्वरित' लिहा. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या ओळखीचा नाही.

"तू सांगतोयस? तू?"

"तिची अवस्था बघताय ना?"

"पत्र्याव जागा न्हाई," मामा म्हणाले. हातभर जागा होती.

मग त्यांनी आमची पाटी उतरवली. शिसवी लाकडाची, वर माझं नाव, खाली तिचं. गुंडाळून, सुतळी बांधून तिच्या हातात दिली. "जपा, सूनबाई. नव्या घराला लागंल." ती हसली. त्या वर्षात मी तिला हसताना तेवढंच बघितलं.

बोर्ड लागला आणि फोन सुरू झाले. मामांचा बोर्डच तसा होता. पुण्याहून येणारा वाचायचा, सोलापूरहून येणारा वाचायचा. कुरकुंभला शिफ्टला जाणारे वाचायचे. हायवेला लागून गाळे काढता येतील म्हणून एक जण तर टेप घेऊन आला. बोलणी जमत आली होती. आणि एका सकाळी मी दार उघडतो तर विलासच्या बाजूच्या भिंतीवर दुसरा बोर्ड. पिवळ्यावर काळा. रस्त्याला आडवा. दोन्ही तोंडांनी रंगवलेला.

"ही जागा वादातली आहे. व्यवहार करू नका."

मी विलासच्या दारात गेलो. तो दात घासत होता. म्हणाला, "तुमचा बोर्ड वाचला तवा कळलं, दादा. रस्त्यानं जाणाऱ्याला आधी कळतं आन् भावाला मागून. ह्यी पद्धत हाय व्हय?"

"तुला घ्यायचंय का घर?"

"न्हाई. पण जागा सामायिक हाय. कागद दाखवा."

त्याच्याशी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मग तसाच गाडी काढून दौंडला मामांकडे गेलो. ते अंगणात पत्रा घासत बसले होते. मी गाडी बंद न करताच विचारलं, "त्याचा बोर्ड तुम्ही केला?"

"व्हय."

"मामा, तिला श्वास घेता येत नाही. तुम्ही बघून गेलात."

"बघून गेलो." मामांनी पत्रा खाली ठेवला. "त्यो वकिलाचा मजकूर घेऊन आलता. सदर मिळकत, कायदेशीर वारस, आठ-धा वळी. म्हणलं, ह्ये कुणी वाचणार न्हाई. दोन वळीत बसवलं."

हेच ते. माझ्या मनातून आजवर जे जात नाही ते हेच. विलासला नाही म्हणायचं नव्हतं तर न म्हणोत. पण वकिलाचा मजकूर होता तसा लिहिला असता तर? अक्षर थोडं बारीक काढलं असतं, पत्रा भिंतीला सपाट मारला असता तर? कोणी वाचला नसता. माझ्याच पैशांनी, माझ्याच गाडीवर फिरून बोर्ड कसा दिसावा हे ज्या माणसाने सिद्ध केलं, त्याने ती सगळी कला माझ्या विरोधात लावली.

"थोडा वाईट रंगवता आला नाही?" मी ओरडलो.

मामा शांतपणे म्हणाले, "रेल्वेत 'आत' बी मीच लिवलं आन् 'बाहेर' बी मीच लिवलं. एक चांगलं आन् एक वाईट आसं कसं लिवू? आन् घेणाऱ्याला कळाय नको का? उद्या त्येच्या मागं कोर्ट लागलं आसतं. त्येच्या घरात बी कुणीतरी आजारी आसंल."

"घेणारा तुमचा कोण लागतो?"

"कुणी न्हाई. म्हणून तर बोर्ड लावायचा."

मी गाडी वळवली आणि परत त्यांच्या दारात गेलो नाही.

टेपवाला आला नाही. पुढचेही कोणी आले नाहीत. दोन्ही बोर्ड एकाच नजरेत यायचे. वाचणारा नंबर वाचायचा आणि शेजारचंही वाचायचा. गावात आमच्या घराला दोन बोर्डांचं घर म्हणू लागले. कुरिअरवाला तोच पत्ता विचारत येतो. विलासचा दावा कोर्टात आहे, तारीख पडते, आम्ही जातो, पुढची तारीख घेऊन येतो. बायकोला म्हणालो, मांडवगणला भाड्याने राहू. ती म्हणाली, "आपण घर सोडलं की विलास कुलूप तोडून आत बसंल. मग कुठलं घर आन् कुठली हवा." तिचं खरं होतं. माहेरी भावाकडे राहून आली काही दिवस. भावजयीच्या घरात किती दिवस खोकायचं? परत आली. हेरून ठेवलेलं घर दुसऱ्याने घेतलं. त्या घरावर बोर्डसुद्धा लागला नव्हता.

मामा एकदा आमच्याकडे येऊन गेले. एसटीने आले, मी आतल्या खोलीत होतो. बाहेर गेलो नाही. त्यांनी पिशवीतून फडकं आणि रॉकेलची बाटली काढली आणि आमचा बोर्ड पुसला. धूळ फार बसली होती. मग ते विलासच्या बाजूला गेले आणि त्याचाही पुसला. खिडकीतून मी बघत होतो. बायकोने त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला. ती म्हणाली, "आता कशाला पुसता, मामा?"

"धूळ बसली की वाचता येत न्हाई, सूनबाई."

"न वाचलेलं बरं."

मामांनी फडकं घडी करून पिशवीत ठेवलं. जाताना दाराकडे तोंड करून म्हणाले, "दत्ता, अजून बी जा इलासकडं. च्या पी." ती आमची शेवटची भेट, भेट म्हणायची तर.

तोवर सगळीकडे फ्लेक्स आले होते. मोबाईलवर फोटो पाठवायचा, तासात बोर्ड हातात. माझाही धंदा बसत गेला; लोक घरं फोनवर बघतात, फोनवरच सोडून देतात. पुढे मामांचा उजवा हात गेला, बोटं मिटेनात, असं कोणीतरी सांगितलं. जावं असं वाटलं आणि नाही गेलो.

मामा गेले तेव्हा दौंडच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. मी रोज त्याच्यासमोरून गाडीवर जात होतो. गुलाबी मजकूर, त्यात ढग, फुलं, पणत्या, वर पुढाऱ्यांची तोंडं, खाली शोकाकुल मंडळींची नावं. मामांचा फोटो कोपऱ्यात, नाव त्याहून बारीक. चालत्या गाडीवरून काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं. एक दिवस टमटम आडवी आली म्हणून थांबलो, मान वर केली, आणि वाचलं. तोपर्यंत दहावाही होऊन गेला होता. ज्याने उभ्या तालुक्याला चालता चालता वाचायला लावलं, त्याच्या मरणाची बातमी मला थांबल्यावर कळली. मी तिथेच गाडीवर बसून फ्लेक्स छापणाऱ्याला शिव्या घातल्या. मागचे हॉर्न वाजवत होते.

यंदा उन्हाळ्यात बायकोचं बोलणंही कमी झालं. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. एका सकाळी तिने कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी काढून माझ्यासमोर ठेवली. सुतळीला मामांनी दिलेली गाठ तशीच होती.

"ही लावा परत."

"अगं, अजून तारीख आहे. निकाल लागेल."

"लागू द्या. मला आपल्या नावाच्या घरातनं जायचंय."

मी खूप बोललो. बोलून बोलून मी लोकांना घरं विकली आहेत. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आन् तो बोर्ड काढा. एका घराला दोन नावं नकोत."

मी शिडी लावली. मामांनी दिलेला पीळ हाताने सुटेना. पक्कड आणली, तारा तोडल्या. इतक्या वर्षांनी पत्रा खाली आला तरी अक्षर टवटवीत होतं, नुसतं धुळीने मळलेलं. तो भिंतीला टेकवून ठेवला आणि पाटी जुन्या भोकांवर बसवली. ती ओट्यावर बसून बघत होती, दम्याचा पंप हातात. स्क्रू आवळून झाल्यावर ती म्हणाली, "जाऊन बघा की. दिसतीय का."

मी गाडी काढली. लांब चौफुल्याच्या बाजूला गेलो, वळलो आणि परत आलो. घरासमोर गाडी हळू केली नाही. मान वळवली. विलासचा बोर्ड सगळाच्या सगळा वाचता आला, शेवटच्या टिंबापर्यंत. आमच्या दाराशेजारी एक काळा ठिपका दिसला आणि मागे गेला.

परत येऊन गाडी लावली. तिने विचारलं, "आलं का वाचता?"

"आलं," मी म्हणालो. "दोन्ही नावं."

मागे मामा बसलेले असते तर पाटी त्यांनी लगेच खाली उतरवायला लावली असती.